सहाव्या बाईचा हात

ती घटना आठवली की मला आजही एका जागी बसवत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांच्या आठवणी मी जेवता जेवता सांगू शकतो. पण त्या चित्राच्या चोरीची गोष्ट निघाली की मी उठतो आणि अंगणात फेऱ्या मारू लागतो. घरचे म्हणतात, म्हातारा भ्रमला. चोरी किरकोळ, माल सापडलेला, कोणी शिक्षेला गेलं नाही, मग एवढं अस्वस्थ व्हायचं कारण काय? तेच सांगायला बसलो आहे. नाव मात्र कोणाचं घेणार नाही. त्यातल्या माणसांची मुलंबाळं अजून त्या मुलखात असतील.

जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. आपण मध्य प्रदेशात राहणार की मुंबईला जोडले जाणार, याच्या गप्पा चहाच्या टपरीवर चालत. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण मालगुजारांचा तोरा गेला नव्हता. मूलच्या खाली, गोंडपिपरीच्या वाटेवर माझं ठाणं होतं: कौलारू दोन खोल्या, एक कोठडी, पुढं ओटा आणि ओट्यासमोर रस्ता. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला जंगल. मी वर्ध्याकडचा, कापसाच्या मुलखातला. भात मला ताटात ओळखता येई, शेतात नाही. पावसाळ्यात नाले फुगले की टपाल चार-चार दिवस येत नसे. मग हजेरी घ्यायची, रोजनामचा लिहायचा, कोंडवाड्यातल्या ढोरांची भांडणं मिटवायची आणि साप चावून मेलेल्यांचे पंचनामे करायचे.

त्या आषाढात डाक बंगल्यावर एक चित्रकार येऊन राहिला. मुंबईचा, किडकिडीत, जाड चष्म्याचा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहायचा. जुन्या मालगुजाराच्या ओळखीनं आला होता. रोज सकाळी छत्री घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राही आणि रोवणी करणाऱ्या बायांना वहीत उतरवून घेई. भाताच्या लावणीला तिकडे रोवणी म्हणतात. बाया आधी लाजल्या, मग हसल्या, मग त्याला विसरून गेल्या. पंधरा दिवसांनी त्यानं बंगल्याच्या व्हरांड्यात एका मोठ्या कापडावर चित्र रंगवलं आणि चादरीखाली झाकून ठेवलं. मालगुजारानं गावभर दवंडी दिली की पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात मांडव पडेल, चांद्याहून मोठे साहेब येतील आणि त्यांच्या हातानं चित्रावरचा पडदा निघेल. आजूबाजूच्या गावांनाही सांगावा गेला.

सोहळ्याला आठ दिवस उरले असताना चित्र गेलं, तेही भरदुपारी. चित्रकार मालगुजाराकडे जेवायला गेला होता, खानसामा विहिरीवर होता. परत येऊन पाहतात तर चादर खुर्चीवर घडी घालून ठेवलेली आणि चित्र चौकटीसकट नाहीसं. ती घडी पाहून मी जमादाराला म्हणालो, "हे काम बाईचं आहे."

"काऊन, साहेब?"

"जन्मात तू कधी चादर घडी करून ठेवलीस का?"

जमादार लाजला. पण एवढ्यानं चोर सापडत नाही. मालगुजार ठाण्यात येऊन माझ्या खुर्चीशेजारी ठाण मांडून बसला. "ठाणेदार साहेब, माह्या इज्जतीचा सवाल आहे. मोठ्या साहेबांले मी काय दाखवू, कोरी भिंत?" चांद्याहून वरिष्ठांची चिठ्ठी आली, तिच्यातही तेच, जरा सभ्य भाषेत. मी सुताराचं घर पाहिलं, गाड्या तपासल्या, मोटारीच्या टपावर चढून सामान उलथंपालथं केलं. दोन दिवस वाया गेले. ओट्यावर मी इतक्या फेऱ्या मारल्या की पहाऱ्यावरचा शिपाई दर वळणाला सलाम ठोकून दमला.

तिसऱ्या दिवशी गावचा कोतवाल आला. वयस्क माणूस, कमी बोलणारा. बराच वेळ दाराशी उभा राहिला.

"साहेब, एक गोष्ट सांगू? हासू नका."

"बोल बाबा, हसायचं त्राण नाही मला."

"चितर गेलं त्या दुपारी बाया पऱ्हे घेऊन ठाण्यावरूनच गेल्या."

पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. मी म्हणालो, "त्यात काय? रोजच नेतात."

"नेतात जी. पण पऱ्हे शेतातून शेतात जाते. त्या बाया गावाकडं घेऊन चालल्या होत्या. गावात कुठी रोवता, साहेब? चुलीमागं?"

मी ताडकन उभा राहिलो. मला सगळं आठवलं. भुरभुर पाऊस होता, मी स्वतः ओट्यावर होतो. सात बाया डोक्यावर पानांची छपरं घेऊन आल्या. चौघींनी मिळून एक रुंद पाट उचलला होता आणि त्यावर हिरव्यागार जुड्यांची रास. रस्त्यात बैलगाडी आडवी होती, ती माझ्या शिपायानं बाजूला करून त्यांना वाट दिली! काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, इथं तर कळसा त्या जुड्यांच्या राशीखाली झाकून माझ्या नाकासमोरून मिरवत गेला. आणि कापसाच्या मुलखातला हा ठाणेदार मनात म्हणाला होता, वा, बाया कशा कामाला लागल्यात.

रोवणाऱ्या बायांची एक म्होरकी होती. पन्नाशीची, मासे धरणाऱ्या घरातली, पावसाळ्यात टोळी घेऊन रोवणीला जाणारी. सगळ्या तिला काकी म्हणत, मीही इथं काकीच म्हणतो. तिला आणि तिच्या टोळीला बोलावलं. बायांची विचारपूस मी कधी खोलीत करत नसे, दिवसाउजेडी ओट्यावर करत असे. सहाजणी आल्या. एकीला ताप आहे म्हणाल्या.

"चित्र कुठं आहे?" मी काकीला विचारलं.

"कोन्तं चितर, साहेब?"

"डाक बंगल्यावरचं."

"तिकडं माहा पाय बी नाई गेला जी. आमी सकाळपासून पाण्यात. चितर पाहाले कोणाले फुरसत आहे?"

"पऱ्हे गावाकडे का नेले?"

"उरले होते. गाईले टाकले."

उत्तर तयारच होतं. मी आवाज चढवला, टेबलावर रूळ आपटला, चांद्याच्या तुरुंगाचं नाव घेतलं. काकी शांतपणे म्हणाली, "तिथी रोवणी असते काय, साहेब?" जमादार तोंड फिरवून हसला. दोन तास हेच चाललं. काकीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. तिकडं शेतात रोवणीची वेळ चालली होती आणि त्या निवांत बसल्या होत्या. घायकुतीला आलो होतो मी.

शेवटी मी वैतागलो. हे पुढचं जे झालं ते मी हुशारीनं केलं असं सांगता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू? निव्वळ चिडून मी म्हणालो, "जाऊ दे, तुम्हाला काय समजणार त्यातलं! मोठ्या माणसाचं चित्र. मालगुजार सांगत होते, रोवणी अशी हुबेहूब उतरली आहे की पाहणाऱ्याचे पाय ओले व्हावेत."

काकीनं तोंडातली तंबाखू थुंकली. "हुबेहूब? अगा बाप्पा! सात जणी अन् साताहीचे हात पाण्याच्या वर! जशा काही पंगतीत वाढून राह्यल्या. पऱ्हा लावताना हात मनगटापर्यंत चिखलात जाते, साहेब. दिसतच नाई हात. पंधरा दिवस उभा होता बगळ्यावानी, त्याले एवढं बी नाई दिसलं?"

"पण काकी," मी म्हणालो, "चित्र तर चादरीखाली होतं. मालगुजार आणि हेडमास्तर सोडून ते कोणी पाहिलंच नव्हतं."

शेजारच्या बाईनं काकीच्या मांडीला चिमटा काढला, पण बोलणं बाहेर पडून गेलं होतं. काकीनं कपाळाला हात लावला. "माहंच तोंड माह्यं वैरी," ती म्हणाली आणि उठून चालू लागली. मी तिच्यामागं गेलो.

तिच्या घरात भाताची एक मोठी ढोली होती, म्हणजे बांबूची कणगी. तिच्यामागं चित्र उभं करून ठेवलं होतं, कोरड्या लुगड्यात गुंडाळून. पावसातून आणलं तरी एक थेंब लागू दिला नव्हता. जमादाराला मी दाराबाहेर ठेवलं आणि लुगडं सोडलं.

पहिल्यांदा मला रागच आला. याच्यासाठी मी तीन दिवस जिवाचं रान केलं? सात बाया ओळीत वाकलेल्या आणि एकीलाही तोंड नाही. नाक नाही, डोळे नाहीत, तोंडाच्या जागी नुसता तांबूस ठिपका. आभाळसुद्धा नाही, खालपासून वरपर्यंत चिखल आणि पाणी. हात मात्र अंगाच्या मानानं मोठे, लांब, नख न् नख काढलेले. सातही उजवे हात पाण्यावर धरलेले.

"हे लपवायचं कारण काय?" मी विचारलं. "यात कोण कोण आहे हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही."

एव्हाना टोळीतल्या बाया दारात जमल्या होत्या. काकीनं माझ्याकडे अशा कीवेनं पाहिलं की मला माझी टोपी जड वाटली.

"काय म्हणता, साहेब! ही पहिली मी होय. बगा नं, पाठ कशी पाटासारखी सरळ; माही कमर वाकते, पाठ नाई वाकत. ही माही जाऊ, तिचा डावा पाय सदा पुढं. ही तिसरी, तिचं लेकरू धुऱ्यावर झोळीत असते, म्हणून मान तिकडं. ही चौथी मागं राह्यते अन् मंग घाई करते, खांदा पाहा तिचा. ही पाचवी हे इथी उभी आहे, लुगडं खोचते कसं ते पाहा. अन् ही सातवी, तिचं काय, ती नाचूनच रोवते."

बाया खुदकन हसल्या. तोंड नसलेल्या त्या चित्रात त्या एकमेकींना अशा ओळखत होत्या, जशा पाणवठ्यावर भेटल्यात.

"आणि सहावी?"

मी वाकून पाहिलं. सहाव्या बाईच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. आधी वाटलं, काढायचं राहिलं असेल. मग मला एक कागद आठवला. महिन्यापूर्वी अहेरीकडच्या एका ठाण्यातून आलेला, माझ्या टेबलाच्या खणात पडलेला. नवऱ्याचे दागिने घेऊन पळालेली बाई, वय अंदाजे बावीस, रंग सावळा, बांधा मध्यम; ओळखीची खूण: उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट नाही. सावळा रंग आणि मध्यम बांधा, या वर्णनात अर्धा जिल्हा बसला असता. खूण काय ती एकच होती.

"माहाच हात होय तो," आतल्या खोलीतून आवाज आला आणि ती स्वतःच बाहेर आली. ताप वगैरे काही नव्हता. काकीच्या बहिणीची मुलगी होती ती. तिनं हात पदराखाली झाकला नाही, माझ्यासमोर धरला.

"कसं झालं हे?" मी विचारलं.

"त्यानं विळ्यानं तोडले. भाताले उशीर झाला होता." ती हे असं म्हणाली जसं कोणी पाऊस लांबला म्हणतं. "मी हात आडवा केला म्हणून बोटं गेले. नाई त मान गेली असती."

"दागिने?"

"कायचे दागिने, साहेब? काळ्या मण्याची पोत होती, ते बी तिथंच खुंटीले अडकवून आली."

बाकीचं काकीनं सांगितलं. नवरा बांबूच्या कंत्राटदाराकडे दिवाणजी होता. बाजार न् बाजार पालथा घालून बायकोला हुडकत होता. आणि पंधरा ऑगस्टच्या मांडवाचे बांबू त्याच कंत्राटदाराकडून येणार होते, म्हणजे तो स्वतः येणार होता. हेडमास्तरनं घरी जाऊन बायकोला चित्राचं कौतुक सांगितलं आणि वर म्हणाला, एकीला चित्रकारानं तीनच बोटं काढलीत, विसरला वाटते. हेडमास्तरीणबाई तळ्यावर ते बोलली. त्याच दुपारी यांनी चित्र उचललं.

"त्या चित्रकाराला सांगायचं होतं, मागायचं होतं," मी म्हणालो.

"मागतलं असतं त कारण सांगा लागलं असतं," काकी म्हणाली. "अन् तो रोज चहा कोणाकडं पेते?"

खरं होतं. मालगुजाराच्या बैठकीत कंत्राटदाराचा तक्क्या ठरलेला होता.

मी घराबाहेर आलो. कायद्यानं माझं काम सरळ होतं. चित्र जप्त करायचं, पंचनामा करायचा, काकीला अटक करायची आणि त्या कागदाचं उत्तर पाठवायचं: सदर वर्णनाची बाई अमुक गावी मिळून आली. उरलेलं नवऱ्यानं केलं असतं. दागिन्यांच्या चोरीची फिर्याद कोर्टात टिकली नसती, पण कोर्टापर्यंत ती पोरगी जगली असती का? मी पावसात उभा राहिलो, बिडी पेटवली, ती विझली, दुसरी पेटवली. जमादार विचारत होता, "पंच बोलावू काय, साहेब?" आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं. खाकी अंगावर घातल्यापासून मी कागदावर खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. त्याचा मला माजही होता, कबूल करतो.

पंच बोलावले, कोतवाल आणि हेडमास्तर. पंचनाम्यात लिहिलं: चित्र एक, चौकटीसह, सात स्त्रिया शेतात काम करीत असलेल्या, सुस्थितीत. बोटं मोजली नाहीत. हेडमास्तरांनी काही बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी त्यांच्या पुढ्यात लेखणी धरली आणि म्हणालो, "सही इथं."

संध्याकाळ व्हायच्या आत चित्र घेऊन मी डाक बंगल्यावर गेलो. चित्रकार आनंदानं उठला. मी म्हणालो, "चित्र मिळालं, पण त्यात चूक आहे."

"म्हणजे खराब केलं?"

"नाही. तुमची चूक आहे. रोवताना हात पाण्याखाली असतो. तुम्ही सगळे वर काढलेत."

तो भडकला. "तुम्ही मला चित्रकला शिकवणार?"

"चित्रकला नाही, रोवणी. तीही मला येत नाही. पण ज्यांना येते त्या तुम्हाला हसतायत."

"मला त्यांचे हातच दाखवायचे होते! तोंडं मी मुद्दाम काढली नाहीत. त्यांच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही. त्या जगतात त्या हातांवर, हात बुडवले तर माझ्या चित्रात उरलं काय?"

खरं कारण सांगायची छाती नव्हती. मी एवढंच म्हणालो, "उद्या सकाळी माझ्याबरोबर शेतावर चला. तिथं उभं राहून हेच बोला."

दुसऱ्या दिवशी तो आला, तोंड फुगवून. काकीनं त्याला धुऱ्यावर उभं राहू दिलंच नाही. "उतरा, भाऊ," ती म्हणाली. त्यानं पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला. काकीनं त्याच्या डाव्या हातात जुडी दिली. "हं, लावा."

त्यानं दोन काड्या घेतल्या, नाजूकपणे पाण्यात उभ्या केल्या. हात काढला आणि काड्या पाण्यावर आल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा तरंगल्या. सगळी टोळी हसून हसून वाकली. "वर आले की नाई? अंगठा अन् दोन बोटं, बस. खाली घाला, अजून खाली, मनगट बुडू द्या. चिखल धरते तवा सोडायचं." तिसऱ्यांदा त्यानं हात मनगटाच्या वरपर्यंत घातला. रोप उभं राहिलं. तो तसाच वाकून राहिला, हात आत, आणि पाण्यावरच्या वर्तुळाकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर करून ओळीतल्या बायांकडे पाहिलं. हात पाण्यात शिरत होते, निघत होते, पुन्हा शिरत होते. सहावी ओळीतच होती आणि तिचं रोप कोणाच्याही रोपाइतकंच पक्कं होतं.

बंगल्यावर येताच तो चित्राकडे गेला. दोन दिवस त्यानं खानसाम्याला आत येऊ दिलं नाही. मग मला बोलावलं. सातही उजवे हात पाण्याखाली गेले होते. पाठी मात्र जास्तच वाकल्या होत्या, आणि खांद्यांवर असा ताण आला होता की आत कुठंतरी हात जोर लावतायत हे माझ्यासारख्या ठोंब्यालाही कळावं.

"बायकांचं बरोबर होतं," तो म्हणाला. मग चष्मा पुसत हळूच म्हणाला, "सहावीचा हात गेला याचं वाईट वाटतं. त्या हाताला तीनच बोटं होती, तुमच्या लक्षात आलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच तोंडाकडे. "मग मलाही आठवत नाही," तो म्हणाला. आणि गैरसमजातून फिर्याद दिली, चित्र बायकांना दाखवायला मीच नेऊ दिलं होतं, असं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं.

बारा तारखेला बांबूच्या गाड्या आल्या. त्याच दुपारी दिवाणजी ठाण्यात हजर झाला. मी मनात राक्षस उभा केला होता. आला तो एक शिडशिडीत, पांढऱ्याशुभ्र धोतराचा, हात जोडून बोलणारा माणूस. खुर्ची दिली तर तिच्या कडेवर बसला. "साहेब, बायको माही भोळी आहे, लोकांनी फूस लावली. मले राग नाई. फक्त घरी यावं." डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मी डगमगलो. पोरीनं तर मला बनवलं नसेल? मग मी विचारलं, "बोटं कशी गेली तिची?"

"ढेकीत, साहेब. धान कांडताना. वेंधळी आहे." उत्तर झटकन आलं, पण बोलताना त्यानं आपल्या उजव्या हाताची मूठ वळली होती, विळ्याची मूठ धरावी तशी. "नजर ठेवतो," मी म्हणालो, आणि तो गेल्यावर घटाघट लोटाभर पाणी प्यालो.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, भाषणं झाली, पडदा निघाला. ती पोरगी त्या दिवशी पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, काकीच्या लेकीकडे होती. मोठे साहेब चित्रासमोर दोन मिनिटं उभे राहून चहाला गेले. मग लोक रांगेनं पाहू लागले. दिवाणजीही रांगेत होता. मी तीन हातांवर उभा, हातात छडी. काकीची टोळी मांडवाच्या खांबांशी उभी होती आणि एकीचंही लक्ष चित्राकडे नव्हतं.

तो चित्रासमोर आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. एकेका बाईकडे बघत गेला: पहिली, दुसरी, तिसरी. सहावीवर आला. तिची वाकण्याची ढब, मानेचा तो डावीकडचा कल, पदर कमरेला खोचायची तऱ्हा, सगळं तिथं होतं, आधीपेक्षा जास्त होतं. तो वळला आणि मला पाहून हसला.

"काय चित्र आहे, साहेब! तोंड नाई, काई नाई. बाया सगळ्या एकसारख्या. कोण कोणाची, काय समजते?" आणि पेढे वाटत होते तिकडे निघून गेला.

काकी केव्हा माझ्याजवळ येऊन उभी राहिली कळलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

"तीन वर्स नांदली पोरगी त्याच्या घरी," ती म्हणाली. "रोज त्याच्यासमोर वाकून झाडलं, सारवलं, रोवलं. अन् त्याले पाठ बी नाई ओळखू आली."

दुसऱ्या दिवशी मी त्या कागदाचं उत्तर लिहिलं: सदर वर्णनाची बाई या ठाण्याच्या हद्दीत मिळून आली नाही. माझ्या नोकरीतलं ते पहिलं खोटं वाक्य. दोन वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा ती तिथंच होती, काकीच्या टोळीत. पुढचं मला माहीत नाही. विचारायचीही भीती वाटते. मी बरोबर केलं का, हा प्रश्न कोणी मला विचारला तर मी हो म्हणतो, आणि मग उठून फेऱ्या मारतो. आज मी एका दिवाणजीला खोटं उत्तर दिलं, उद्या दुसरा ठाणेदार एखाद्या गरिबाला देईल, मग त्याला कुठल्या तोंडानं अडवायचं?

पण एक गोष्ट मी त्या दिवसापासून बदलली. हरवलेल्या किंवा पळालेल्या माणसाचं वर्णन लिहून घेताना आम्ही उंची, रंग, बांधा आणि व्रण लिहायचो. त्याखाली मी स्वतःचा एक प्रश्न वाढवला: ती काम कशी करते, सांगा. कायद्यात तो कुठंच नव्हता. पुष्कळ लोक गोंधळून जात. "काम म्हणजे? करते, सगळ्या करतात तसं," म्हणत. अशांचा कागद मी जरा सावकाश पुढं सरकवत असे.

एकदा एक म्हातारा बाप आला होता, त्याची मुलगी जत्रेत चुकली होती. मी तोच प्रश्न विचारला. त्याला शब्द सापडेनात. मग तो खुर्चीवरून उठला, माझा पाण्याचा लोटा उचलून डोक्यावर धरला, आणि कंबर एका अंगाला झुकवून माझ्या टेबलासमोरून तिच्यासारखा चालत गेला. जमादार हसला नाही, मीही नाही. त्या चालीवरून आम्ही तिला दुसऱ्या दिवशी बाजारात ओळखलं, मागून, तोंड दिसायच्या आधी.